पाचटनकाका आणि चाकांवरची शाळा

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळात गुरुनाथ खांबेट्यांना गुरुनाथ म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. बायको 'अहो' म्हणायची, ऑफिसात 'गुरू' म्हणायचे, आणि बाकी झाडून सगळे, अगदी परवा पुण्याहून आलेली आयटीतली पोरंसुद्धा, त्यांना पाचटनकाका म्हणायची. नव्या माणसाला वाटायचं, हे नाव वजनावरून पडलंय. छे हो. काका अंगानं अगदी पाप्याचं पितर. वाऱ्याच्या दिवशी काकू त्यांना बाहेर सोडायला घाबरायच्या.

नाव पडलं ते पाटीवरून. नेपरव्हिलच्या पश्चिमेला सबडिव्हिजनं, म्हणजे एकसारख्या घरांच्या वसाहती, संपतात आणि मक्याची शेतं सुरू होतात, तिथल्या टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीच्या, रस्तेखात्यात काका नोकरीला. हिवाळा सरता सरता रस्त्यांवर 'एका अ‍ॅक्सलला पाच टन, त्याहून जास्त नाही' अशी पाटी ठोकायची, हे त्यांचं काम. अ‍ॅक्सल म्हणजे चाकांच्या जोडीमधला आस. आता तुम्ही म्हणाल, ट्रकनं काय घोडं मारलंय? तर ऐका. इथली जमीन थंडीत दोन-तीन फूट खोल गोठते. मार्चात ऊन लागलं की वरची फूटभर सुटते आणि खाली बर्फ तसाच राहतो. पाण्याला खाली जायला वाट नाही. म्हणजे ताटात गुरगुट्या भात वाढलाय आणि त्यावर डांबराचा पापड ठेवलाय, असं समजा. त्या पापडावरून लादलेला ट्रक गेला की पुढचं सांगायला इंजिनिअर लागत नाही.

खरं तर काका होते प्रोग्रॅमर. अठ्ठ्याण्णव साली नागपूरहून आले ते कॉम्प्युटरमधल्या तारखा दुरुस्त करायला. दोन हजार साल उजाडलं, जग काही बुडालं नाही, आणि काकांची नोकरी तेवढी बुडाली. तेव्हा चार महिन्यांपुरतं म्हणून पाट्या ठोकायचं काम धरलं, त्याला आता पंचवीस वर्षं झाली. मंडळात कुणी विचारलं, काका कुठल्या कंपनीत, तर ते सरळ सांगायचे, "मी रस्त्यावर असतो." समोरच्याचा चेहरा पडायचा आणि तो घाईघाईनं त्यांच्या पानात आणखी एक पुरी वाढायचा.

पण काम करावं तर काकांनी. मार्च लागला की उजाडताच रस्त्याच्या कडेला हजर. तिथं जमिनीत त्यांनी एक लांब नळी पुरलेली, तिच्यात हिरवं पाणी. पाणी गोठलं की त्याचा रंग जातो, सुटलं की पुन्हा हिरवं होतं. नळी वर ओढायची, कुठवर हिरवं झालंय ते बघायचं, मग बुटाची टाच रस्त्याच्या कडेला दाबून उभं राहायचं आणि कान द्यायचा. टाचेभोवती पाणी आलं की त्याच दिवशी पाटी. मग गॅसची गाडी असो, कचऱ्याची असो, नाही तर पाद्रीबुवांचं सामान असो, काका हात आडवा करणार. एका वर्षी खुद्द काकूंचा नवा सोफा घेऊन आलेला ट्रक त्यांनी वळणावरून परत पाठवला होता. काकू पाच आठवडे घडीच्या खुर्चीवर बसून टीव्ही बघत होत्या. तो सोफा आजही घरात आहे, आणि भांडण झालं की काकू त्याच्यावर बसत नाहीत, मुद्दाम खुर्ची उघडतात.

या रत्नाकाकू म्हणजे मंडळाची मराठी शाळा. अठरा वर्षं रविवारी सकाळी त्या मुलांना बाराखडी शिकवत आल्या. शाळेला जागा म्हणाल तर चर्चचं तळघर, मग लायब्ररीची खोली, मग कुणाचं तरी गॅरेज, मग पुन्हा तळघर. काकूंच्या गाडीची डिकी हीच खरी शाळा. पुस्तकं, पाट्या, खडू, सतरंजी, सगळं तिच्यात. दर रविवारी मांडायचं, दर रविवारी आवरायचं. फळ्यावर 'श्री' काढून तो पुढच्या रविवारपर्यंत तसाच राहिलाय, असं अठरा वर्षांत एकदाही झालं नव्हतं. हे त्या हसत सांगायच्या, पण सांगायच्या फार वेळा.

आणि या वर्षी घबाड मिळालं. टाउनशिपच्या टोकाला शंभर वर्षांपूर्वीची एकखोली लाकडी शाळा पडून होती. ती जागा घेणाऱ्याला तिथं गोडाऊन बांधायचं होतं. तो म्हणाला, घेऊन जाणार असाल तर फुकट न्या. नाही नेली तर एप्रिलच्या पहिल्या शनिवारी अग्निशमन दलाची माणसं सरावासाठी ती पेटवणार आणि विझवणार. मंडळाची अध्यक्ष विनीता हिची दोन मैलांवर पाच एकर जमीन. तिनं त्यातला कोपरा देऊन टाकला. अख्खं घर उचलून चाकांवर ठेवून नेणारा एक म्हातारा मिळाला. तो म्हणाला, जमीन दगडासारखी आहे तोवर उरकू या, मार्चच्या पाच तारखेला मी मोकळा आहे.

काकांनी उडीच मारली. म्हणाले, पाचला नेऊन टाकू, रस्ता एकदम टणक आहे. पण मराठी माणसाला मोकळी तारीख मिळाली की त्याला लगेच पंचांग आठवतं. विनीतानं ठाण्याच्या गुरुजींना झूमवर गाठलं. गुरुजींना हा प्रकार नवीन. इतकी वर्षं माणसांनी वास्तूत प्रवेश केलेला त्यांनी पाहिला होता, इथं वास्तूच निघाली होती प्रवासाला. त्यांनी बराच वेळ पानं उलटली आणि म्हणाले, कशाला डोक्याला ताप, पाडवा रविवारी आलाय, साडेतीन मुहूर्तांतला, काही बघायलाच नको. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका नळीबद्दल सांगायला उठले तर काकूच म्हणाल्या, अठरा वर्षं थांबलो, साडेतीन आठवडे थांबायला काय होतंय. काका खाली बसले.

व्हायचं तेच झालं. पाडव्याच्या तेरा दिवस आधी ऊन पडलं आणि असं पडलं की चिमण्या वेड्यासारख्या ओरडायला लागल्या. सोमवारी सकाळी काकांनी नळी ओढली. वरचा फूटभर हिरवागार. टाच दाबली, तर बूट भिजला.  मग गाडीतून हातोडा काढला आणि शाळेच्या वाटेवर, त्याच वळणावर, पाटी ठोकली. आणि नेमक्या काकू तिथून कामाला निघालेल्या. त्यांनी गाडी हळू केली, पाटी वाचली, काकांकडे पाहिलं, आणि गेल्या. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तर हॉलमध्ये घडीची खुर्ची उघडलेली.

काकू ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या म्हणाल्या, "तुमचं चुकलं नाही. मुहूर्त आमचा चुकला." आणि आत जाऊन पुस्तकं पुन्हा डिकीत भरायला लागल्या. 

तीन दिवस काका जेवताना कागदी रुमालावर आकडे मांडत होते. चौथ्या दिवशी त्यांनी घर हलवणाऱ्या म्हाताऱ्याला फोन लावला. नियम काय म्हणतो? एका अ‍ॅक्सलला पाच टन. एकूण किती, हे नियम विचारतच नाही. मग अ‍ॅक्सल वाढवले तर? म्हाताऱ्याकडे चार होते, दोन त्याच्या चुलतभावाकडे विस्कॉन्सिनमध्ये. सहा अ‍ॅक्सल म्हणजे तीस टन. शाळा, खालचे लोखंडी गर्डर धरून, भरत होती सदतीस. सात टन कमी केले की झालं, म्हणे!

काका तसेच मार्लिनकडे गेले. मार्लिन म्हणजे त्यांचा साहेब, सहा फूट चार इंच, बोलायला महाग. त्यानं रुमाल उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, गुरू, रविवारी सकाळी चर्च सुटून रस्ते गाड्यांनी भरायच्या आत नेशील तर ने. पण वळणावर मी स्वतः वजनकाटा लावीन. एका अ‍ॅक्सलवर पाच टनांच्या, म्हणजे दहा हजार पाउंडांच्या, वर एक पाउंड भरला तर ती शाळा तिथूनच मागे फिरेल. काका म्हणाले, मागे फिरवायला तुम्ही कशाला, मीच फिरवीन.

मग जे सुरू झालं त्याला तोड नाही. मंडळातली पन्नास माणसं त्या शाळेला मुंग्यांसारखी लागली. ज्यांनी जन्मात लॅपटॉपपेक्षा जड काही उचललं नव्हतं, ते धुराड्याच्या विटा काढत होते. लोखंडी शेगडी गेली, बाकं गेली, भिंतींचा गिलावा गेला, घंटा गेली. सगळं मिनीव्हॅनमधून थोडं थोडं विनीताच्या गॅरेजात. देवांग नावाच्या डेटावाल्या मुलानं एक्सेल शीट उघडली. वजन करायचं कसं? बाथरूममधल्या काट्यावर वीट घेऊन उभं राहायचं आणि त्यातून स्वतःचं वजन वजा करायचं. आता चारचौघांत स्वतःचं खरं वजन कोण सांगतंय? जो तो पंधरा-वीस पाउंड कमी सांगायचा, आणि तेवढ्यानं विटांचं वजन जास्त भरायचं. देवांगच्या शीटप्रमाणे शुक्रवारपर्यंत शाळेचं वजन शून्याच्याही खाली गेलं होतं. काकांनी ती शीट बंद करायला लावली आणि अंदाजानं काम धरलं.

राहता राहिला फळा. खऱ्या दगडी पाटीचा, तीन मोठे तुकडे, मिळून अडीचशे पाउंड. काका म्हणाले, काढा. माणसं तो काढत असताना काकू बघत होत्या.  त्यांनी पदरानं त्याच्यावरची धूळ पुसली, आणि एका कोपऱ्यात शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा मास्तरीणबाईच्या हातचा खडूचा पुसट कित्ता होता, तो मात्र पुसला नाही.

पाडव्याची सकाळ उगवली ती अशी लख्ख की डोळे दिपावेत. शेतांतून वाफ निघत होती. नव्वद-शंभर माणसं नटून-थटून, रबराचे गमबूट घालून हजर. पैठणी आणि गमबूट! शाळेच्या छपराला विनीतानं गुढी बांधलेली, बांबू हलका, गडू तांब्याऐवजी प्लॅस्टिकचा, काकांची सक्त ताकीद होती. म्हाताऱ्यानं ट्रॅक्टर सुरू केला, आणि शाळा हलली. अहो, अख्खी शाळा, खिडक्यांसकट, डुलत डुलत चालायला लागली! पोरं किंचाळत होती, बायका हात जोडत होत्या, आणि एका आजोबांनी टोपी काढून तिला वाट दिली.

वळणापर्यंतचा हायवे मजबूत, तिथं अडचण नव्हती. वळणावर मार्लिन उभा. त्यानं चाकांखाली चपटे काटे सरकवले. पहिला अ‍ॅक्सल, नऊ हजार सातशे. दुसरा, नऊ हजार आठशे. तिसरा, चौथा, पाचवा, सगळे दहाच्या आत. सहावा. मार्लिननं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अकरा हजार चारशे सत्तर.

 काकांना वाटलं काटा बिघडला. त्यांनी स्वतः वाकून पाहिलं. मग शिडी लावून आत चढले, आणि आतून त्यांचा असा काही आवाज आला की मार्लिन धावला.

रिकामी करून ठेवलेल्या त्या शाळेच्या एका कोपऱ्यात वाण्याचं दुकान लागलं होतं. रिकाम्या वास्तूला हलवू नये, हे प्रत्येक काकूला आपापल्या आईनं सांगितलेलं. म्हणून कुणी पहाटे गुपचूप वीस पाउंडांची तांदळाची पिशवी ठेवली होती. कुणी गूळ, कुणी मीठ, कुणी गव्हाचं पोतं, कुणी पाण्याचा कलश. कुणी हार्मोनियम. एकीनं तर सांगलीहून आणलेला पाटा-वरवंटा. जो तो म्हणत होता, माझं एवढंसंच आहे, त्यानं काय होतंय. आणि सगळ्यांना पक्कं ठाऊक की चांगली वस्तू ठेवायची ती ईशान्येला. त्यामुळे साठ घरांचं सगळं एकाच कोपऱ्यात, एकाच अ‍ॅक्सलच्या डोक्यावर.

काका दारात आले. पंचवीस वर्षं ज्या आवाजात त्यांनी ट्रकवाल्यांना परत पाठवलं होतं, तोच आवाज त्यांनी काढला. "ज्याचं त्यानं उतरवून घ्या. ज्याला वास्तूला द्यायचंय त्यानं हातात धरून चालावं." मग काय विचारता. विनीता तांदूळ उचलायला धावली, देवांगच्या खांद्यावर गहू, पाटा दोघांत एक, वरवंटा एका सात वर्षांच्या मुलीनं बाळासारखा छातीशी धरला आणि सोडेचना. "इट्स माय बेबी," म्हणाली. मार्लिनला कुणी तरी कलश दिला आणि बजावलं, सांडायचा नाही. एवढा मोठा माणूस, तो श्वास रोखून उभा राहिला.

पुन्हा काटा लावला. दहा हजार दोनशे चाळीस.

आता मात्र काकूंनी डोळे मिटले. आत काही उरलं नव्हतं, सगळ्यांनी डोकावून पाहिलं होतं, जमीन मोकळी होती. चर्च सुटायला चाळीस मिनिटं. मार्लिन काकांकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की ते वाक्य त्याला बोलायचं नाहीये. ट्रॅक्टरवरचा म्हातारा गिअर मागे टाकायच्या तयारीत.

काकांचा चेहरा लाल झाला. नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत. त्यांनी एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा बुटांकडे, आणि शाळकरी पोरासारखा हात वर केला.

"भिंतीवर बघा," ते म्हणाले. "फळा आत आहे. मीच ठेवलाय."

आदल्या संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर पाचटनकाकांनी ऑफिसची हातगाडी आणली होती. बाहेर टेकवून ठेवलेले तीन तुकडे, एकेक करून, धापा टाकत शिडीवरून आत चढवले होते आणि जुन्या जागी, जुन्याच खिळ्यांवर टेकवले होते. ते जिथं शंभर वर्षं होते तिथंच असल्यामुळे कुणाच्या डोळ्यांना ते जादा वाटलेच नाहीत. काकांचा हिशोब एवढाच होता की दार उघडून काकू पहिल्यांदा आत शिरतील तेव्हा समोर फळा पाहिजे. अडीचशे पाउंडांची सवड त्यासाठीच राखून ठेवलीय, असा त्यांचा अंदाज होता. तो दोनशे चाळीस पाउंडांनी चुकला होता.

शंभर माणसं त्यांच्याकडे बघत राहिली. ज्यानं बायकोचा सोफा परत पाठवला तो हा माणूस. आणि मग पहिल्यांदा हसला मार्लिन, कलशातलं पाणी हिंदकळेल इतका. त्याच्यामागून विनीता, मग सगळाच रस्ता. काकू हसत नव्हत्या. त्या काकांकडे अशा बघत होत्या जसं नागपुरात, लग्न ठरलं तेव्हा, एकदा पाहिलं असेल.

तीन तुकडे खाली आले. प्रत्येकाला चार-चार माणसं. काटा म्हणाला, नऊ हजार नऊशे नव्वद. मार्लिननं भगवा झेंडा हलवला, तो रस्तेखात्याचा हो, केशरी, पण त्या दिवशी कोण फरक करतोय! पुढे शाळा, डोक्यावर गुढी, मागे लांबलचक वरात. कुणाच्या हातात मीठ, कुणाच्या हातात गूळ, हार्मोनियमवाल्यानं चालता चालताच सूर धरलेला, आणि कुणाला तरी नाचायचा मोह झाला तर काका मागून ओरडत होते की सगळ्यांनी एकाच वेळी उड्या मारू नका, रस्ता मऊ आहे. काकांच्या नळीनं सांगितलं होतं तसाच तो होता. एक भेग पडली नाही त्याला, एकसुद्धा.

अर्ध्या वाटेवर काकूंनी फळा थांबवायला सांगितला. पहिल्या तुकड्याचा मागचा कोपरा काकांच्याच खांद्यावर होता, गाल दगडाला टेकलेला, तोंडाला खडूची धूळ. काकूंनी कमरेच्या पिशवीतून खडू काढला. इतकी वर्षं रविवारी संध्याकाळी पुसावं लागणारं अक्षर त्यांनी भर रस्त्यात, चार माणसांनी उचललेल्या दगडावर, सावकाश, गोलाई राखून काढलं. 'श्री'. जुन्या मास्तरीणबाईंच्या कित्त्याच्या अगदी शेजारी. मग त्या फळ्याच्या कडेवरून वाकून काकांना म्हणाल्या, "झालं ना वजन जास्त? किती झालं, सांगा."

पंचवीस वर्षांत वजन विचारलं आणि काकांना आकडा आला नाही, असं कधी झालं नव्हतं.

"मोजलं नाही," काका म्हणाले.